‘गुदाशय’ हा शब्द कापला आणि पुढं काय झालं : कॅन्सरच्या एका बातमीचं प्रकरण

ही गोष्ट जून २०२२ ची आहे आणि मी ती बाहेरून बघितलेली नाही, ती बातमी ज्या पानावर लागली ते पान मीच लावलं होतं. लातूरच्या एका दैनिकात मी रात्रपाळीला डेस्कवर असतो. पेशंटचं नाव, गाव, डॉक्टर, पेपर, सगळं झाकलंय आणि लिहिलेलं घरच्यांना आधी वाचून दाखवलंय. पेशंटच्या पोरानं एकच अट घातली, ‘आम्हाला अडाणी म्हणून लिहू नका सर.’ ते अडाणी नव्हतेच. त्यांनी छापलेलं वाचलं आणि त्यावर भरवसा ठेवला, जो भरवसा आम्ही रोज सकाळी पेपर विकताना त्यांच्याकडं मागतो.

पार्श्वभूमी

पेशंटला इथं तात्या म्हणतो. औसा-निलंगा पट्ट्यातलं गाव, चार एकर कोरडवाहू, खरिपाला सोयाबीन, रब्बीला हरभरा नाहीतर ज्वारी. वय तेव्हा ५४. तीस वर्षं डाव्या गालात तंबाखू-चुना. त्या वर्षी पाडव्याच्या आसपास गालाला आतून चट्टा आला, आधी वाटलं दातानं चावलं असेल, मग तिखट सोसेना, मग भाकरी चावताना रक्त यायला लागलं. तालुक्याच्या दातांच्या डॉक्टरनं बघितल्या बघितल्या तुकडा तपासायला पाठवला आणि मे मधे रिपोर्ट आला, कॅन्सर.

आमच्याकडं लातूर-धाराशिवची माणसं कॅन्सर म्हटलं की आधी बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलाचंच नाव घेतात, एसटी मुरूड-येडशीवरून जाते, मुंबईची रेल्वे पण तिथं थांबते. तात्यांना पण तिकडंच नेलं. गाठ तीन सेंटीमीटरच्या आत होती, मानेत हाताला काही लागत नव्हतं. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, ऑपरेशन करून गालाचा तेवढा भाग काढायचा, मानेतल्या गाठी काढायच्या, मग रिपोर्ट बघून शेक, म्हणजे रेडिएशन, द्यायचा का ते ठरवायचं. सरकारी योजनेत बसत होतं, पैशाचा मोठा प्रश्न नव्हता. तारीख मिळाली १५ जून.

प्रश्न तोंडाचा होता. तात्यांच्या धाकट्या मुलीचं त्याच वर्षी जमवायचं चाललेलं. ते पोराला म्हणाले, ‘पाव्हणे आले की मी कसा बसू समोर, अर्धं तोंड घेऊन?’ हे वाक्य मला नंतर कळलं, पण पुढचं सगळं या वाक्यावर उभं आहे म्हणून आधी लिहितोय. ज्या माणसाला ऑपरेशन नको असतं तो ऑपरेशनशिवायचा रस्ता शोधतच असतो, आणि तसा रस्ता आम्ही त्याला पहिल्या पानावर तीन कॉलममधे दाखवला.

८ जूनच्या रात्री डेस्कवर

बातमी होती न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कॅन्सर सेंटरनं केलेल्या एका औषधाच्या चाचणीची. ५ जूनला अमेरिकेत कॅन्सरच्या डॉक्टरांच्या वार्षिक परिषदेत ती मांडली आणि त्याच दिवशी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधे छापून आली. डोस्टारलिमॅब नावाचं औषध, दर तीन आठवड्यांनी एकदा शिरेतून, असं सहा महिने. १२ पेशंटचा कोर्स पूर्ण झाला आणि बाराच्या बारा जणांची गाठ तपासणीत दिसेनाशी झाली, तोपर्यंत कुणाला ऑपरेशन, किमो, शेक काही लागलं नव्हतं. हे सगळं खरं आहे आणि खरोखर मोठं आहे. मी हे आधीच सांगतो कारण असल्या प्रकरणात लोक लगेच म्हणतात पेपरवाल्यांनी खोटं छापलं. आमच्या बातमीच्या मजकुरात एकही वाक्य खोटं नव्हतं. आणि तरीही.

वृत्तसंस्थेनं, म्हणजे एजन्सीनं, पाठवलेला मजकूर, आमच्या भाषेत कॉपी, माझ्याकडं आली तेव्हा पावणेनऊ झाले असतील, टीव्हीवर संध्याकाळपासून तेच चालू होतं. पान सव्वादहाला छपाईला सोडायचं. कॉपी साडेचारशे शब्दांची होती, जागा होती तीनशेची, आणि साडेनऊला बियाणाच्या कंपनीची जाहिरात आली, जूनमधे त्या शेवटपर्यंत येतातच, मग जागा राहिली दोनशेला कमी. मी पहिलं हेडिंग केलं होतं, ‘गुदाशयाच्या कॅन्सरवर नवं औषध परिणामकारक, १२ रुग्णांवर चाचणी’. पान बघणारे आमचे सीनियर म्हणाले, ‘अरे सकाळी लोक चहा पिताना पेपर उघडतात, पहिल्या पानावर गुदाशय काय लावतोस, आणि किती जणांना कळतो हा शब्द?’ शब्दाबद्दल त्यांचं काही चूक नव्हतं, गावात कुणी गुदाशय म्हणत नाही. मी ‘मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचा कॅन्सर’ करून बघितलं, ते तीन कॉलमात बसेना. मग तो भागच काढला. १२ चा आकडा हेडिंगमधे बारीक वाटतो म्हणून तोही काढला, त्याच्या जागी आलं १०० टक्के.

शेवटी छापलं ते असं : ‘कॅन्सरवर अखेर औषध सापडलं!’ आणि खाली पट्टीत, ‘ना ऑपरेशन, ना किमो; १०० टक्के रुग्ण ठणठणीत’.

आता मजकूर. बातमी लिहायची आमची पद्धत अशी की महत्त्वाचं वर, कमी महत्त्वाचं खाली, म्हणजे जागा कमी पडली की ऑपरेटर डोळे झाकून खालून कापतो. खून, अपघात, सभा, मोर्चा, सगळ्याला ही पद्धत चालते. औषधाच्या बातमीला चालत नाही, कारण तिथं अटी खाली असतात. हा कॅन्सर नेमका कुठला, पेशंट कुठल्या प्रकारचे, किती दिवस बघितलं, बाकीचे डॉक्टर काय म्हणतात, हे सगळं त्या कॉपीत चौथ्या परिच्छेदापासून पुढं होतं. आम्ही तीन परिच्छेद छापले. गुदाशय हा शब्द त्या दिवशी आमच्या पेपरात कुठंच आला नाही, हेडिंगमधे नाही, मजकुरात नाही. मी ई-पेपर काढून नंतर चार वेळा बघितलंय.

काय काय गळालं

हे मी पुढं जुलैमधे नीट वाचलं, त्या रात्री वाचलं नव्हतं, आणि हेच माझं पहिलं चुकलेलं वळण. मूळ शोधनिबंधाचा गोषवारा एक पानाचा असतो आणि फुकट वाचता येतो. दहा मिनिटं लागतात.

पहिली गोष्ट, सगळे पेशंट गुदाशयाच्या कॅन्सरचे होते, आणि गुदाशयाच्या पण एका खास जातीचे. आपल्या पेशी वाढताना त्यांच्यातल्या सूचनांची नक्कल होत असते आणि नक्कल करताना चुका होतात, त्या दुरुस्त करायची सोय पेशीतच असते. आमच्या भाषेत सांगायचं तर पेशीतला प्रूफरीडर. काही कॅन्सरमधे हा प्रूफरीडरच बंद पडलेला असतो, मग चुकांचा इतका ढीग साचतो की शरीराच्या संरक्षक पेशींना तो कॅन्सर परका म्हणून ओळखता येतो. डोस्टारलिमॅब कॅन्सरला थेट मारत नाही, ते संरक्षक पेशींवरचा ब्रेक काढतं. म्हणजे जिथं प्रूफरीडर बंद आहे तिथं हे औषध जोरात चालतं. गुदाशयाच्या कॅन्सरमधे असे पेशंट शंभरात साधारण ५ ते १० असतात. तोंडाच्या कॅन्सरमधे हा दोष क्वचितच सापडतो.

दुसरी, त्या १०० टक्क्यांची. १२ पैकी १२ म्हणजे १०० टक्के हे गणित बरोबर, पण शोधनिबंधातच पुढं लिहिलंय की एवढ्या कमी पेशंटवरून खरा आकडा ७४ ते १०० च्या मधे कुठंही धरावा लागेल. ७४ हा आकडा मी तेव्हा एकाही पेपरात बघितला नाही. तिसरी, ‘ठणठणीत’ हा शब्द आमचा. त्यांचा शब्द होता तपासणीत गाठ न दिसणं, म्हणजे एमआरआय, पेट स्कॅन, दुर्बीण, हाताची तपासणी, तुकड्याची तपासणी, कशातच काही न सापडणं. कॅन्सर बरा झाला म्हणायला वर्षानुवर्षं बघावं लागतं, आणि त्यातल्या काही पेशंटना बघून तर सहाच महिने झाले होते. त्याच जर्नलच्या संपादकीयात दुसऱ्या एका कॅन्सरतज्ज्ञ बाईंनी लिहिलं होतं की आशा वाटावी असाच निकाल आहे, पण यानं आजच्या उपचाराची जागा लगेच घेऊ नये. आणि किंमत, तेव्हा अमेरिकेत एका डोसचे साधारण ११ हजार डॉलर, म्हणजे साडेआठ लाख, असे नऊ डोस.

फुगवाफुगवी फक्त गावाकडच्या पेपरात होते असं पण नाही, उगाच स्वतःवर सगळं घेऊन उपयोग नाही कारण मग खरं कारण सापडत नाही. ब्रिटनमधे काही संशोधकांनी २० विद्यापीठांची २०११ सालातली ४६२ प्रसिद्धीपत्रकं तपासली होती, ते २०१४ मधे बीएमजे या जर्नलमधे आलं. त्यातल्या ४० टक्के पत्रकांत लोकांना दिलेला सल्ला मूळ संशोधनापेक्षा वाढवून लिहिलेला होता, ३६ टक्के पत्रकांत प्राण्यांवरचं संशोधन माणसांना लागू असल्यासारखं फुगवलेलं होतं. आणि पत्रक फुगलेलं असेल तर बातमी पण फुगायची. म्हणजे विद्यापीठाच्या ऑफिसपासून एजन्सी, एजन्सीपासून डेस्क, डेस्कवरून व्हॉट्सॲप, प्रत्येक टप्प्यावर एक-एक अट गळत जाते, आणि कुणालाच वाटत नाही की आपण खोटं बोललो.

एक गोष्ट मला सगळ्यात जास्त लागते. त्याच परिषदेत, त्याच जूनमधे, मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी डोक्या-मानेच्या कॅन्सरवरचा अभ्यास मांडला होता. तोंडाचा कॅन्सर ज्यात येतो तोच गट. ऑपरेशनच्या पलीकडं गेलेले १५१ पेशंट, त्यातल्या निम्म्यांना नेहमीच्या गोळ्यांसोबत निवोलुमॅब हे असंच ब्रेक काढणारं औषध दिलं, पण नेहमीच्या डोसच्या दहाव्या हिश्श्याहून कमी, फक्त २० मिलिग्रॅम, म्हणजे आपल्या माणसाला परवडण्याच्या थोडं तरी जवळ. एक वर्षानं जिवंत असलेल्यांचं प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. ते पूर्ण बरं करणारं नव्हतं, आयुष्य वाढवणारं होतं. पण आमच्या वाचकांच्या तोंडाशी, अगदी शब्दशः, संबंध असलेलं संशोधन ते होतं, आणि आम्ही त्याची एक ओळ छापली नाही. त्यात १०० टक्के नव्हते ना.

तात्यांच्या घरी

बातमी ९ जूनच्या गुरुवारी छापली. तात्यांच्या गावात आमचा पेपर दोनच घरी येतो. पण कात्रणाचा फोटो ११ तारखेला पुण्याहून आला, थोरल्या मुलीच्या नवऱ्यानं पाठवलेला, आणि वर लिहिलेलं ‘मामांना दाखवा, ऑपरेशनची घाई करू नका’. दाजी कंपनीत सुपरवायझर, घरात त्यांच्या शब्दाला वजन. त्यांचा हेतू चांगलाच होता, सासऱ्याच्या काळजीपोटीच पाठवलं त्यांनी.

रात्री ओसरीवर बैठक झाली. पोरानं मला जसं सांगितलं तसं लिहितो. तात्यांची बायको म्हणाली, तारीख मिळालीय तर जाऊन या. चुलते म्हणाले, पेपरात आलंय म्हणजे काहीतरी असंलच. दाजी फोनवर म्हणाले, अमेरिकेत आलं म्हणजे दोन-चार महिन्यात इकडं येतंच, कोरोनाची लस नाही का आली. हे शेवटचं बोलणं फार खरं वाटलं सगळ्यांना, लस खरंच पटकन आली होती. तात्या काहीच बोलले नाहीत. पोरगा म्हणाला, ‘मी त्यांच्याकडं बगितलं, कात्रण बगून त्यांच्या तोंडावर महिन्यात पहिल्यांदा जरा हुशारी आली होती, मग मीच म्हणलं, थांबू की थोडं.’

१५ जूनला ते बार्शीला गेले नाहीत. हॉस्पिटलातून दोनदा फोन आला, पेरणी आहे म्हणून सांगितलं. पेरणी होतीच, त्यामुळं ते सांगताना खोटं पण वाटलं नाही. पोरगा लातूरच्या औषधाच्या दुकानांतून कागदावर औषधाचं नाव लिहून फिरत होता, एकानं मुंबईला विचारा सांगितलं, एकानं ‘दहा-बारा लाख लागतील’ म्हणून वाटेला लावलं. घरात दोन एकर गहाण टाकायची बोलणी सुरू झाली.

आणि १८ जुलैला, सोमवारी, तो आमच्या ऑफिसला आला. दुपारची वेळ, मी लवकर आलो होतो. त्याच्याकडं मूळ पेपरचं पान होतं, कुणाकडून तरी मागून आणलेलं, घडी घालून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेलं, पावसानं भिजू नये म्हणून, बँकेचं पासबुक ठेवतात तसं. ते त्यानं टेबलावर उलगडलं, हेडिंगखाली पेनानं रेघ मारलेली होती, आणि म्हणाला, ‘सर, हे औषध कुठं मिळतंय तेवढं सांगा, आमी जमीन इकायला तयार हाव.’

समोर काय पर्याय होते

मला खरं सांगायचं तर पहिला विचार आला तो याला डॉक्टरकडं पाठवून द्यावं. ‘आम्ही फक्त बातमी देतो, डॉक्टरांना विचारा’, हे वाक्य तोंडावर तयार असतं आमच्या. त्यात चुकीचं काही नाही, पण तो डॉक्टरला सोडूनच इकडं आला होता.

दुसरा पर्याय, ऑनलाइनवरची बातमी गुपचूप काढून टाकायची. असं होतं बऱ्याच ठिकाणी. त्यानं पेपरचा बचाव होतो, वाचकाचा होत नाही, कात्रणाचे फोटो तर फिरतच राहतात.

तिसरा, खुलासा छापायचा. मी त्याच संध्याकाळी संपादकांकडं गेलो. ते ऐकून गप्प बसले थोडा वेळ, मग म्हणाले, ‘बातमीत चूक काय आहे ते दाखव, खुलासा चुकीबद्दल असतो.’ ह्याच्यावर मी अडकलो कारण चूक अशी बोट ठेवून दाखवता येत नव्हती. नाव चुकलं, आकडा चुकला तर खुलासा येतो, न छापलेल्या चौथ्या परिच्छेदाचा खुलासा कसा करतात हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. कायद्याची पण धास्ती होती, खुलासा म्हणजे कबुली, उद्या कुणी नोटीस पाठवली तर. ती धास्ती मी खोटी म्हणणार नाही, छोट्या पेपरला एक केस परवडत नाही.

चौथा, स्वतः जाऊन सांगायचं. त्यात धोका असा की मी डॉक्टर नाही, पुन्हा अर्धवट काही बोललो तर तीच चूक दुसऱ्यांदा.

काय केलं

लातूरमधल्या एका कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनी रात्री वीस मिनिटं दिली आणि शोधनिबंधात काय आहे ते समजावून सांगितलं. त्यांचं एक म्हणणं महत्त्वाचं होतं, ‘औषध खोटं आहे असं बोलू नका, ते खोटं नाही, उद्या त्यांना दुसऱ्या कुणी खरं म्हणून दाखवलं तर तुमच्यावरचा उरला तेवढा विश्वास पण जाईल. त्यांच्या गाठीचा तुकडा हॉस्पिटलात आहे, शंका असेल तर त्याचीच तपासणी होऊ शकते, प्रूफरीडर चालू आहे का बंद ते कळतं. पण त्यासाठी ऑपरेशन थांबवू नका.’

२४ जुलैला, रविवारी, मी गावाला गेलो. आणि जे नको म्हणून डॉक्टरांनी सांगितलं होतं तेच आधी करून बसलो. ओसरीवर बसल्या बसल्या म्हटलं, तात्या, ती बातमी आमच्याकडून नीट गेली नाही. तात्यांचं तोंड तोवर बोटभरच उघडत होतं, गालाला बाहेरून पण सूज. ते सावकाश म्हणाले, ‘तवा लिवलं ते खोटं, मग आज बोलताव ते खरं कशावरून?’

मला उत्तर सुचलं नाही. दोन-तीन मिनिटं कुणीच बोललं नाही, चहा आला. मग मी शोधनिबंधाचं पान काढलं, मोबाईलवर मराठी करून आणलेलं, आणि नुसतं वाचत गेलो, कुणावर केलं, कुठला कॅन्सर, किती जण, किती दिवस. गुदाशय म्हणजे काय ते हातानं दाखवलं, लाज न बाळगता. प्रूफरीडरचं सांगितलं ते काही त्यांना लागलं नाही, ते माझ्या धंद्याचं होतं. पण ‘ज्या गाठीत तो एक दोष आहे तिथंच हे औषध लागू पडतं’ म्हटल्यावर तात्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि पोराकडं बघून म्हणाले, ‘म्हंजी सोयाबीनचं तणनाशक हाय ते. माझं पीक ज्वारीचं.’

त्याच्यापेक्षा बरोबर मला आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही. सोयाबीनवर मारायचं तणनाशक ज्वारीवर मारलं तर काय होतं हे त्या ओसरीवर बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं, दाजींना सुद्धा, ते फोनवर स्पीकरला होते.

२६ तारखेला पोरगा तात्यांना घेऊन बार्शीला गेला. नवीन सिटी स्कॅन झाला. तुकड्याची ती तपासणी पण झाली, दोष नव्हता, म्हणजे ते औषध मिळालं असतं तरी त्याचा भरवसा धरण्यासारखं काही नव्हतं. ऑपरेशन ३ ऑगस्टला झालं. ठरलेल्या तारखेपासून बरोबर सात आठवडे.

पेपरात शेवटी खुलासा नाही, पाठपुरावा म्हणून बातमी लागली, २ ऑगस्टला, पाचव्या पानावर, दोन कॉलम, ‘कॅन्सरवरील त्या औषधाबाबत तज्ज्ञ काय म्हणतात’. गुदाशय शब्द यावेळी पहिल्या ओळीत होता. ती किती जणांनी वाचली माहीत नाही, पण तिचं कात्रण मला आजपर्यंत कुठल्याही ग्रुपवर दिसलेलं नाही, आणि जूनचं कात्रण पुढच्या वर्षी सुद्धा आलं होतं, माझ्याच मावसभावाकडून.

निकाल

गाठ पाच सेंटीमीटरच्या पुढं गेली होती, बाहेरच्या कातडीपर्यंत आली होती आणि मानेत आता हाताला लागत होती. जबड्याचं हाड काढावं लागलं, गालाला छातीवरचं मांस-कातडं आणून लावलं. मग तीस शेक, सोबत किमो.

जूनमधे केलं असतं तर हाड वाचलं असतं का, हे मी सर्जनला विचारलं होतं. ते म्हणाले एका पेशंटबद्दल खात्रीनं असं सांगता येत नाही. बरोबर आहे ते, आणि मी पण इथं तसं लिहिणार नाही. उशिराबद्दल जे माहीत आहे ते एवढं : २०२० मधे बीएमजेमधेच आलेल्या एका अभ्यासात जगभरच्या ३४ संशोधनांचे आकडे एकत्र करून बघितले होते, डोक्या-मानेचा कॅन्सर पण त्यात होता, आणि ऑपरेशनला दर चार आठवडे उशीर झाला की मृत्यूचा धोका साधारण ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो असं दिसलं. हा आकडा पण नीट वाचायचा, शंभरातली सहा-आठ माणसं जास्त दगावतात असा त्याचा अर्थ नाही, आधी जेवढा धोका होता त्याच्यात तेवढ्या टक्क्यांची वाढ.

तात्या आहेत. तीन वर्षं होऊन गेली, तपासणीत परत काही निघालेलं नाही. तोंड दीड बोट उघडतं, भाकरी दुधात भिजवून मिक्सरमधून काढून खातात. फोनवर त्यांचं बोलणं मला कळत नाही, पोरगा मधे सांगतो. मुलीचं लग्न २०२३ च्या मे महिन्यात झालं, तात्या मांडवात गळ्यातलं उपरणं गालावरून घेऊन बसले होते. जमीन विकली नाही.

काय वेगळं करता आलं असतं

डेस्कवरची वीस मिनिटं माझ्या डोक्यातून जात नाहीत. हेडिंगला जागा नव्हती हे खरं, पण ‘एका प्रकारच्या कॅन्सरवर’ हे बसलं असतं. मोजून बघितलंय मी, बसतं. गुदाशय नको तर नको, पण ‘एका प्रकारच्या’ हे दोन शब्द असते तर पोरानं पहिला फोन बार्शीला केला असता की हा प्रकार आमचा आहे का, असं तोच म्हणतो. आणि शब्दाची लाज हा मोठा विषय आहे आपल्याकडं. गुदाशय, स्तन, गर्भाशयाचं तोंड, अंडकोष, हे शब्द आपण चहाच्या वेळेला नकोत म्हणून काढतो आणि मग उरतो नुसता ‘कॅन्सर’, आणि नुसता कॅन्सर असा आजारच नसतो.

जाहिरात आली तेव्हा बातमी कापण्याऐवजी दुसऱ्या दिवसावर टाकता आली असती. औषध सहा महिने द्यायचं आहे, बातमी एक दिवस थांबल्यानं कुणाचं काही अडत नव्हतं. पण टीव्हीवर चालू होतं, बाकीच्यांकडं सकाळी येणार होतं, आणि आपल्याकडं नसेल तर विचारणा होते. हे दडपण खरं आहे, रात्री नऊला ते फार मोठं वाटतं.

खुलाशाच्या बाबतीत मी तेव्हा जास्त भांडायला पाहिजे होतं. जे पहिल्या पानावर तीन कॉलम गेलं त्याची भर पाचव्या पानावर दोन कॉलमात होत नाही. आणि नुसती छापून नाही, तिचं पण एक कात्रण बनवून, मोठ्या अक्षरात, ज्या ग्रुपवर पहिलं फिरलं तिथं आम्हीच टाकायला पाहिजे होतं. आमच्या तालुक्या-तालुक्याच्या वार्ताहरांचे पाच-पन्नास ग्रुप आहेत, हाताशी होतं सगळं, सुचलं नाही.

बार्शीच्या बाजूनं काही उणं काढावं असं मला दिसत नाही, त्यांनी फोन केले. एवढं मात्र वाटतं की पेशंट ‘पेरणी आहे’ म्हणाला की अजून एक प्रश्न विचारावा, तुम्ही दुसरं काही ऐकलंय का, पेपरात काही वाचलंय का. आमच्या भागातला माणूस डॉक्टरसमोर नाही म्हणत नाही, तो पेरणी म्हणतो, लग्न म्हणतो, अमावस्या म्हणतो.

तेव्हापासून डेस्कवर एक कागद चिकटवलाय, ऑपरेटरच्या कॉम्प्युटरच्या वर. औषधाची बातमी खालून कापायची नाही, आणि हेडिंग करायच्या आधी माणसं का उंदीर, किती, कुठल्या प्रकारचा आजार, किती दिवस बघितलं, कशाशी तुलना केली, आपल्याकडं मिळतं का, एवढं मजकुरात आहे का बघायचं. दोन प्रश्नांची उत्तरं नसली तर बातमी थांबते. दोन वर्षांत पाच-सहा तरी थांबल्या. सीनियरांनी स्वतःच थांबवल्या त्यातल्या काही.

एप्रिल २०२५

ते औषध परत बातमीत आलं. त्याच हॉस्पिटलचा पुढचा निकाल, त्याच जर्नलमधे. यावेळी गुदाशयाचे ४९ पेशंट, तोच दोष असलेले, आणि ४९ च्या ४९ जणांची गाठ गेलेली. शिवाय जठर, अन्ननलिका, मोठं आतडं असे दुसरे कॅन्सर पण तोच दोष असलेले ५४ पेशंट होते, त्यातल्या ३५ जणांची गाठ दिसेनाशी झाली. म्हणजे १२ वरचा निकाल टिकला, वाढला, आणि गुदाशयाच्या बाहेर गेल्यावर १०० टक्के राहिला नाही, हे पण कळलं.

कॉपी माझ्याकडंच आली. मी आधी तात्यांच्या पोराला फोन लावला, कारण पेपर सकाळी जाणार होता आणि दाजींचा मेसेज त्याच्याही आधी. त्याला सगळं वाचून दाखवलं. तो म्हणाला थांबा, तात्यांना सांगतो, आणि मागं काहीतरी बोलणं झालं, मग हसून म्हणाला, ‘तात्या इचारतेत, ज्वारीचं आलं का?’

नाही म्हटलं, अजून नाही.

पान लावलं. ‘गुदाशयाच्या एका प्रकारच्या कॅन्सरमध्ये ४९ रुग्णांची शस्त्रक्रिया टळली; आधी गाठीची तपासणी आवश्यक’. चार कॉलम लागले त्याला. आतल्या पानावरची एक सभा काढावी लागली, सीनियरांनी काढू दिली.